विहाराच्या दारातील शस्त्र : कायदा आणि विनय

जालना शहरातील मस्तगड हे नाव ज्या गढीवरून पडले, ती गढी मुळात शस्त्रांसाठी उभारली गेली होती. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या आज्ञेने काबिलखानाने इ. स. १७२५ च्या सुमारास जालन्याचा कोट व ही गढी बांधली, असे गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. जालन्याच्या परिसराने शस्त्रे पुष्कळ पाहिली. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठे व इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर कित्येक वर्षे जालना ही लष्करी छावणी होती. पुढे काळ पालटला. गढीत नगरपालिकेचे कार्यालय भरू लागले. जिथे बंदुका ठेवल्या जात तिथे नागरिकांचे अर्ज स्वीकारले जाऊ लागले. आज मस्तगड म्हटले की जालनेकर बौद्ध बांधवांच्या डोळ्यांसमोर गढीऐवजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आणि १४ एप्रिलला तिथे लोटणारा जनसमुदाय उभा राहतो.

शस्त्राच्या जागी संविधानकर्त्याचे स्मारक यावे, ही घटना आम्हाला अर्थपूर्ण वाटते. या निमित्ताने एका प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. प्रश्न साधा आहे, परंतु विहार समित्यांचे कार्यकर्ते त्याचे उत्तर देताना चाचरतात. धार्मिक स्थळी शस्त्र घेऊन यावे काय? परवाना असलेला उपासक कमरेला पिस्तूल लावून वंदनेस आला तर काय करावे? पुढाऱ्याचा अंगरक्षक बंदुकीसह बुद्धमूर्तीसमोर उभा राहिला तर काय म्हणावे? जयंतीच्या मिरवणुकीत कोणी तलवार उपसली तर जबाबदार कोण? याविषयी देशाचा कायदा काय सांगतो आणि भगवान बुद्धाचा विनय काय सांगतो, हे आम्ही क्रमाने मांडणार आहोत.

दाराचा प्रश्न आपल्यासाठी नाजूक का?

ज्या समाजाला शतकानुशतके दारातच अडविले गेले, त्या समाजात दारावरच्या कोणत्याही नियमाविषयी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तिथे सत्याग्रही रिकाम्या हातांनी उभे होते आणि तरीही दार बंद होते. अडविले जात होते ते माणसाला, त्याच्या हातातील वस्तूला नव्हे.

शस्त्राचाही इतिहास असाच आहे. वर्णव्यवस्थेने शस्त्र धारण करणे हा एका वर्णाचा अधिकार ठरविला आणि बहुसंख्यांना निःशस्त्र ठेवले. ज्यांनी १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे आपले शौर्य सिद्ध केले, त्या महार सैनिकांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या अनेक घरांच्या भिंतीवर सैनिकी गणवेशातील वडिलांचे वा आजोबांचे छायाचित्र आजही अभिमानाने टांगलेले दिसते, आणि तो अभिमान रास्त आहे.

म्हणून 'विहारात शस्त्र आणू नका' असे म्हणताच एखादा तरुण विचारतो, 'आम्हालाच का पुन्हा निःशस्त्र करता?' हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. मात्र शस्त्र हिरावून घेतले जाणे आणि ते आपल्या हाताने बाजूला ठेवणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत अपमान आहे, तर दुसरीत सामर्थ्य आहे. आमच्या सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे : विहाराच्या दारात थांबवायचे ते शस्त्राला, माणसाला नव्हे.

संविधानाची भूमिका

आरंभ संविधानापासून करू. अनुच्छेद १९ नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतो, परंतु ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना ह. वि. कामत यांनी मांडली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही आणि ती संमत झाली नाही. म्हणजे भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. कायद्याने घातलेल्या अटींवर मिळणारी ती परवानगी आहे. अमेरिकेत स्थिती निराळी आहे. तेथील संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीने हा हक्क मान्य केलेला असल्यामुळे चर्चमध्ये पिस्तूल नेता येईल की नाही यावर तेथील राज्याराज्यांत वाद झडतात. आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर कायद्याने स्पष्ट दिलेले आहे.

अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो. त्याच्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. संविधानाने धर्माचरणाचा भाग म्हणून नावानिशी मान्य केलेले शस्त्र हे एवढेच.

१९८८ चा कायदा : जबाबदारी कोणाची?

मे १९८८ मध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात आश्रय घेतलेल्या सशस्त्र अतिरेक्यांविरुद्ध 'ब्लॅक थंडर' ही कारवाई झाली. त्या पार्श्वभूमीवर प्रथम वटहुकूम निघाला आणि पुढे संसदेने धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ संमत केला. कायद्याचे निमित्त पंजाबातील असले तरी तो कोणत्याही एका धर्मासाठी नाही. सार्वजनिक उपासनेसाठी वापरली जाणारी कोणतीही जागा, मग तिला कोणत्याही नावाने ओळखले जावो, त्याच्या कक्षेत येते. मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा यांच्याप्रमाणेच विहारही त्यात आला. वस्तीतील एका खोलीचे, पत्र्याचे छप्पर असलेले विहारही त्याला अपवाद नाही.

या कायद्याच्या दोन तरतुदी आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिली, कलम ३. धार्मिक संस्थेच्या जागेत शस्त्रे किंवा दारूगोळा साठविण्यास त्याने मनाई केली आहे. दुसरी, कलम ४. शस्त्र वा दारूगोळा, किंवा ते जवळ बाळगणारी व्यक्ती, यांना धार्मिक संस्थेने वा तिच्या व्यवस्थापकाने आत प्रवेश देता कामा नये. याला दोनच अपवाद आहेत. एक, शीख व्यक्तीची कृपाण. दोन, त्या संस्थेच्या रूढीने वा वहिवाटीने चालत आलेल्या धार्मिक विधीचा भाग असलेली शस्त्रे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. परवान्याचा अपवाद या कायद्यात नाही. बंदुकीचा परवाना खिशात आहे, एवढ्यावरून ती बंदूक विहारात आणण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. शिवाय 'शस्त्र' या शब्दाचा अर्थ शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये आहे तोच येथे घ्यावयाचा असल्यामुळे बंदूक-पिस्तुलाबरोबर तलवार, भाला, गुप्ती हीदेखील त्यात येतात.

आणखी महत्त्वाचे असे की, हा कायदा शस्त्र घेऊन येणाऱ्यापेक्षा त्याला येऊ देणाऱ्याकडे अधिक रोखून पाहतो. 'व्यवस्थापक' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. संस्थेचा कारभार एकट्याने वा इतरांसह पाहणारी कोणतीही व्यक्ती, धार्मिक कार्य करणारी व्यक्तीसुद्धा, त्यात मोडते. म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, आणि कारभार पाहत असल्यास निवासी भन्तेसुद्धा. कायद्याचा भंग झाल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेली व्यक्ती आपल्या पदावरूनही दूर होते. कायद्याचा भंग झाल्याची किंवा होऊ घातल्याची माहिती पोलिसांना देणे हे व्यवस्थापकाचे व कर्मचाऱ्यांचे कर्तव्य आहे. ती न देणे हाही अपराध आहे.

आपल्या विहार समित्यांवर काम करणारी माणसे बहुधा विनावेतन, दिवसभर मजुरी वा नोकरी करून संध्याकाळी विहाराची साफसफाई व वंदना सांभाळणारी असतात. पाहुण्याला दुखवू नये म्हणून त्यांनी धरलेले मौन उद्या त्यांनाच न्यायालयात उभे करू शकते. म्हणून हा नियम प्रत्येक समितीने समजून घेणे अगत्याचे आहे.

'आमच्या कपाटात ठेवा' असे म्हणू नये

व्यवहारात एक चूक सद्हेतूने होते. पिस्तूल घेऊन आलेल्या परिचित उपासकाला कार्यकर्ता म्हणतो, 'आत नेऊ नका. कार्यालयातील कपाटात ठेवा, जाताना घेऊन जा.' सौजन्य म्हणून हे योग्य वाटते. कायद्याने मात्र ते धोक्याचे आहे. कार्यालय विहाराच्याच आवारात असेल तर शस्त्राचा प्रवेश झालेलाच असतो. आता ते तिथे ठेवूनही घेतले गेले. शिवाय परवाना ज्याच्या नावाने आहे त्याच्याखेरीज इतराने अग्निशस्त्र ताब्यात घेणे शस्त्र अधिनियमाखाली स्वतंत्र अपराध ठरू शकते. विनापरवाना माणसाच्या हाती दिलेली बंदूक देणाऱ्यालाही अडचणीत आणते आणि घेणाऱ्यालाही.

मग उपाय काय? परवानाधारकाने विहारात येताना शस्त्र घरी, कुलूपबंद ठेवून यावे. दीर्घकाळ घराबाहेर राहावयाचे असेल तर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेव म्हणून देण्याची सोय असते. निवडणुकीच्या काळात परवानाधारक आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. जे निवडणुकीसाठी करता येते ते धम्मासाठी करता येऊ नये, असे नाही.

परवान्याच्या अटी आणि मिरवणूक

विहाराच्या भिंतीबाहेर, मिरवणुकीत वा मेळ्यात, काय होते? शस्त्र परवान्यावर ज्या अटी छापलेल्या असतात त्या फार थोडे परवानाधारक वाचतात. जत्रा, धार्मिक मिरवणूक वा अन्य सार्वजनिक जमाव येथे, तसेच शिक्षणसंस्थेच्या आवारात, खास अधिकार दिलेला नसताना शस्त्र नेऊ नये अशी अट १९६२ च्या शस्त्र नियमांपासून चालत आली आहे. त्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली. सार्वजनिक ठिकाणी अग्निशस्त्र झाकलेले व म्यानात असावे, ते उगारून मिरवू नये, असेही आता स्पष्ट केलेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने एक नवा अपराध निर्माण केला. सार्वजनिक मेळावा, धार्मिक स्थळ, लग्न वा अन्य समारंभ येथे हर्षभराने गोळीबार करून माणसांचे जीवित धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याने 'धार्मिक स्थळ' हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. सण-उत्सवांच्या आधी वर्तमानपत्रांत 'जिल्ह्यात शस्त्रबंदी' अशी बातमी येते, ती याच कलमाखालील आदेशाची असते. या आदेशाने तलवारी, भाले, बंदुका, सुरे यांबरोबरच काठ्या व लाठ्या बाळगण्यासही मनाई करता येते. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून साधी लाठी व चालण्याची काठी वगळलेली आहे. परंतु शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तेव्हा तीच लाठी प्रतिबंधित ठरू शकते. रक्षणासाठी दंड घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या तरुणांनी हा फरक ध्यानात ठेवावा. मिरवणुकीतील देखाव्यात कोरेगावच्या सैनिकाच्या हाती लाकडी बंदूक देणे हा मात्र अपराध नव्हे, कारण जे खेळण्याखेरीज अन्य कशासाठी वापरता येत नाही ते कायद्याच्या दृष्टीने शस्त्र नाही. खरी तलवार नाचविणे आणि वाढदिवसाचा केक तिने कापणे या अलीकडच्या फॅशनपायी मात्र अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले आहेत. एका क्षणाच्या छायाचित्रासाठी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडकलेला मुलगा आपल्या वस्तीला नवा नाही.

रूढीचा अपवाद आपल्याला लागू आहे काय?

कायद्यातील दुसऱ्या अपवादाचा अर्थ महाराष्ट्रातच नीट समजतो. जेजुरीला दसऱ्याच्या वेळी खंडोबाचा भला जड खंडा उचलण्याची परंपरा आहे. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे शस्त्रांना धार्मिक परंपरेत मानाचे स्थान आहे. अशा ठिकाणी शस्त्र हा विधीचा भाग असतो आणि कायदा त्याचा मान राखतो. ज्याच्या त्याच्या परंपरेचा मान राखणे हे आपलेही कर्तव्य आहे.

बौद्ध विहारात मात्र शस्त्राचा कोणताही विधी नाही. त्रिसरण-पंचशील, बुद्धपूजा, परित्राणपाठ, ध्यान, धम्मदेसना यांपैकी कशातही शस्त्राला जागा नाही. त्यामुळे रूढीचा अपवाद आपल्याला लागू होत नाही. तो लागू व्हावा अशी इच्छाही कोणी धरू नये. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विजयादशमीचा होता. अन्यत्र ज्या दिवशी शस्त्रपूजन होते त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. आपण हा दिवस अशोक विजयादशमी म्हणून पाळतो, तो कलिंगाच्या रक्तपातानंतर शस्त्रविजय सोडून धम्मविजयाची वाट धरणाऱ्या सम्राटाच्या स्मरणार्थ. ज्या दिवशी इतर शस्त्र पुजतात त्या दिवशी आपण शस्त्र ठेवून देण्याचे स्मरण करतो. आपला अपवाद असेल तर तो हाच.

विनय काय सांगतो?

आता धम्माकडे वळू. भिक्खूंच्या पातिमोक्खात पंचाहत्तर सेखिय नियम आहेत. त्यांपैकी सोळा नियम धम्मदेसना कोणाला व कोणत्या स्थितीत करू नये यासंबंधी आहेत. त्यांत ओळीने चार नियम येतात. ज्याच्या हातात छत्री आहे, ज्याच्या हातात दंड आहे, ज्याच्या हातात धारदार शस्त्र आहे, ज्याच्या हातात आयुध आहे, त्याला तो आजारी नसेल तर धम्म सांगू नये. पालीत अशा माणसाला अनुक्रमे छत्तपाणि, दण्डपाणि, सत्थपाणि आणि आवुधपाणि म्हटले आहे. 'सत्थ' म्हणजे एकधारी वा दुधारी शस्त्र आणि 'आवुध' म्हणजे धनुष्य, असा खुलासा विभंगात आहे. त्या काळी दुरून मारा करणारे शस्त्र धनुष्य हेच होते. आजची बंदूक याच वर्गात बसते, हे सांगावयास टीकाकाराची गरज नाही.

हे नियम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ते उपासकाला शिक्षा करीत नाहीत. ते भिक्खूवर बंधन घालतात. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयाने आणि १९८८ च्या कायद्याने जबाबदारी एकाच ठिकाणी ठेवली आहे : जो स्थळाचा व धम्माचा सांभाळ करतो त्याच्यावर. दुसरे असे की छत्री, दंड, शस्त्र हे एकाच रांगेत आहेत. छत्री ही प्रतिष्ठेची खूण, दंड हा धाकाचा, तर शस्त्र हे हिंसेचे साधन. या तिन्ही गोष्टी हातात धरून धम्म ऐकता येत नाही, कारण ऐकणाऱ्याने आधी नम्र झाले पाहिजे. तिसरे, आजारी माणसाला सूट आहे. काठीवाचून ज्याला चालवत नाही अशा वृद्धाची काठी दारात काढून घेणे हा विनय नव्हे, ते क्रौर्य आहे.

अट्ठकथेत आणखी एक सूक्ष्म भेद केलेला आढळतो. तलवार कमरेला बांधलेली असून हातात धरलेली नसेल, तर तो माणूस 'सत्थपाणि' या संज्ञेत येत नाही. कृपाण धारण केलेला शीख पाहुणा विहारात आला तर त्याचे स्वागत कसे करावे, याचे उत्तर यात सापडते. संविधान, १९८८ चा कायदा आणि विनयाची अट्ठकथा या तिन्हींचा आधार त्याला आहे. त्याला दारात थांबविण्याचे कारण नाही. मात्र हाच आधार घेऊन कमरेच्या पिस्तुलाचे समर्थन करता येणार नाही. विनयाने जिथे मुभा ठेवली तिथे देशाच्या कायद्याने ती दिलेली नाही, आणि उपासक दोन्हींना बांधील आहे.

धारदार शस्त्राचा विषय पंचशीलाच्या पहिल्याच शीलाशी जोडलेला आहे. प्राणघातापासून विरत झालेल्या माणसाचे वर्णन करताना त्याने दंड ठेवून दिला आहे, शस्त्र ठेवून दिले आहे, असे शब्द निकायांत वारंवार येतात. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत ते सांगितले आहेत. त्यांत पहिला शस्त्रांचा आहे.

पसेनदीची तलवार

नियमापेक्षा उदाहरण अधिक बोलके असते. मज्झिम निकायातील धम्मचेतिय सुत्तात कोसलराज पसेनदी भगवंतांच्या अखेरच्या भेटीस येतो तो प्रसंग आहे. राजा रथातून उतरला. जिथवर वाहन जाऊ शकत होते तिथून पुढे पायी चालत गेला. भगवंतांच्या निवासाशी येताच त्याने आपली तलवार व उष्णीष दीघ कारायन या सेनापतीच्या स्वाधीन केले आणि तो एकटा आत गेला. अट्ठकथा पुढची करुण कथा सांगते. त्या राजचिन्हांसह कारायन निघून गेला आणि त्याने विडूडभाला राज्यावर बसविले. पसेनदी बाहेर आला तेव्हा राज्य गेलेले होते.

कोणी म्हणेल, पाहा, शस्त्र खाली ठेवल्याचे फळ हे! आम्हाला ही कथा निराळी दिसते. राज्य गेले ते तलवार दाराबाहेर ठेवल्यामुळे गेले नाही. ज्याच्या हाती ती दिली तो विश्वासघातकी होता म्हणून गेले. दारात शस्त्र ठेवणे हे पसेनदीच्या हातचे होते आणि ते त्याने योग्य केले. कोणाच्या हाती द्यावे हे सावधपणाचे काम होते. त्यात तो चुकला. आपल्या विषयापुरता बोध असा, की शस्त्र आत नेऊ नये आणि ते भलत्याच्या हातीही देऊ नये. वर कपाटाविषयी जे सांगितले त्याला हा प्रसंग जणू प्राचीन पुरावाच आहे.

रक्षणाचा प्रश्न

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. धार्मिक स्थळांवर हल्ले होतात. मग रक्षण कसे करावयाचे? ऑगस्ट २००४ मध्ये जालन्यातील व पूर्णा येथील मुस्लिम बांधवांच्या प्रार्थनास्थळी बाँबस्फोट झाले आणि नमाजासाठी जमलेली माणसे जखमी झाली. ७ जुलै २०१३ रोजी बोधगयेच्या महाबोधी महाविहार परिसरात स्फोटमालिका झाली आणि भिक्खू जखमी झाले. हे दुःख कोणा एका धर्माचे नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते दाखवितात. धम्म म्हणजे दुबळेपणा नव्हे. परंतु रक्षणाचे काम कोणाचे, याचे उत्तर संविधानाने दिले आहे : ते राज्याचे काम आहे. पोलीस शस्त्रासह विहाराचे रक्षण करतात तेव्हा ते समितीच्या परवानगीने नव्हे, तर आपल्या कायदेशीर कर्तव्याने तिथे असतात, असे आम्ही समजतो. त्यांच्याशी सहकार्य करावे. मात्र पहारा शक्यतो प्रवेशद्वारापाशी असावा आणि तातडीचे कारण नसताना सशस्त्र जवानाने वंदनाकक्षात उभे राहू नये, अशी विनंती समितीने अधिकाऱ्यांना आधीच करावी. कार्यक्रमास येणाऱ्या मान्यवरांच्या कार्यालयाशीही हे पूर्वीच बोलून ठेवावे. त्यांचा खाजगी अंगरक्षक परवानाधारक असला तरी त्याला कलम ४ मधून सूट नाही.

याची एक दगडी साक्ष आपल्या मराठवाड्यातच आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात विहाराच्या प्रवेशद्वाराशी ढाल व भाला धारण केलेले दोन द्वारपाल कोरलेले आहेत. रक्षणाची गरज प्राचीन भिक्खुसंघाने नाकारली नव्हती. परंतु शिल्पकाराने ते रक्षक दाराबाहेर उभे केले. शस्त्राची हद्द कुठे संपते हे त्या दगडात स्वच्छ दिसते.

समित्यांसाठी काही सूचना

विहाराच्या दर्शनी भागात 'शस्त्रासह प्रवेश नाही' असा मराठी फलक लावावा. त्यात अधिनियमाचे नाव व वर्ष द्यावे, म्हणजे हा कोणाचा लहरी हुकूम नाही हे कळेल. हा विषय समितीच्या बैठकीत घेऊन ठराव इतिवृत्तात नोंदवावा. कोणी शस्त्र घेऊन आल्यास त्याला एकांतात, आदराने, 'दादा' वा 'काका' म्हणून सांगावे. चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये. तो परत जाऊन शस्त्र घरी ठेवून आला तर त्याला पुढची जागा द्यावी. ऐकत नसेल तर वाद न वाढविता पोलीस ठाण्यास कळवावे. मिरवणुकीच्या आधी तरुणांची बैठक घेऊन शस्त्रबंदीचा आदेश त्यांना वाचून दाखवावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की नियम सर्वांना सारखा असावा. वस्तीतील गरीब पोराच्या हातची गुप्ती दिसते आणि पुढाऱ्याच्या माणसाचे पिस्तूल दिसत नाही, असे झाले तर तो नियम राहणार नाही. ती जुनीच दारावरची विषमता नव्या नावाने परत येईल. कोसलचा राजा जिथे तलवार उतरवून आत गेला, तिथे आमदाराच्या अंगरक्षकासाठी वेगळा न्याय असू शकत नाही.

बंदुकांसाठी बांधलेल्या मस्तगडाच्या गढीत नागरिक रिकाम्या हाताने, अर्ज घेऊन जाऊ लागले, तेव्हा त्या दाराचा अर्थ बदलला. आपल्या पूर्वजांना रिकाम्या हातांनीही दारातून आत जाता आले नाही. आज आपले स्वतःचे दार आहे आणि त्यावर नियम लावण्याचा अधिकारही आपला आहे. त्या दारातून प्रत्येकाने आत यावे. येताना शस्त्र मागे ठेवून यावे. ज्याचे हात रिकामे असतात त्यालाच ते जोडता येतात.